ट्रंकेतलं परदेशी पिस्तूल

१६ डिसेंबर १९७१ ची संध्याकाळ. ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. पाकिस्तानी फौजेच्या लेफ्टनंट जनरल नियाझींनी खांद्यावरची पदचिन्हं उतरवली आणि कमरेचं ०.३८ बोअरचं रिव्हॉल्वर दोरीसकट भारताच्या लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरांच्या हाती दिलं. नंतर पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ जनरल जेकब यांनी ते निरखून पाहिलं, तेव्हा नळी घाणीनं तुंबलेली होती, दोरी मळून विरलेली होती. कितीतरी दिवसांत कोणी त्या हत्याराला तेल-फडकं लावलेलं दिसत नव्हतं. ब्रह्मदेशात मिलिटरी क्रॉस मिळवलेला, ‘टायगर’ म्हणवून घेणारा सेनापती असलं रिव्हॉल्वर बाळगेल? जेकब यांनी आपल्या पुस्तकात सरळ लिहून टाकलं की ते नियाझींचं नसावंच, एखाद्या मिलिटरी पोलिसाचं उचलून आणलेलं असावं. हे रिव्हॉल्वर पुढे देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत गेलं.

हजारो लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर हातात आलेल्या हत्याराची ही गत. मग एखाद्या शिपायानं परमुलखातून वळकटीत दडवून आणलेल्या पिस्तुलाची हकिगत कितपत धरून चालायची?

कोल्हापूर जिल्ह्यात वारणा नदीच्या पट्ट्यात फौजी नसलेलं गाव शोधूनही सापडायचं नाही. कोडोली, बहिरेवाडी, काखे, सातवे, कुठंही जा. एखाद्या माळ्यावर काळ्या रंगाची लोखंडी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आत डांबरगोळ्यांचा वास, डिस्चार्ज बुक, मेडलं, कधी घडी पडून चिरलेला पलटणीचा ग्रुप फोटो. आणि अशा घरांतून अधूनमधून ऐकू येणारं एक वाक्य असतं: “आज्ज्यानं लढाईतनं पिस्तूल आणलं हुतं.” दाखवा म्हटलं की पुढचं वाक्य येतं: “आता कुठलं? हिरीत टाकलं म्हणं.” यातल्या किती गोष्टी खऱ्या आणि किती पारावर वाढलेल्या, हे कुणी मोजलेलं नाही. मात्र पिस्तूल आणण्याची हौस आणि ते विहिरीत टाकण्याची घाई, या दोन्हींना खरी कारणं आहेत, आणि मला स्वतःला हौसेपेक्षा घाईचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी हौस. दुसऱ्या महायुद्धात साध्या शिपायाकडे पिस्तूल नसे. त्याच्या खांद्यावर ०.३०३ ची रायफल, सेक्शनमध्ये एक ब्रेनगन, सेक्शन कमांडरकडे टॉमीगन. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. टॉमीगनचं मॅगझिन संपलं. दुसरं चढवायला उसंत नव्हती, म्हणून त्यांनी ती बंदूक नळीकडून धरून दांडक्यासारखी वापरली. त्या हल्ल्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कमरेला पिस्तूल असलेला माणूस अशा वेळी ते उपसतो. नाईकाकडे ते असण्याचं कारणच नव्हतं. पिस्तूल असायचं अफसराकडे, रणगाड्यातल्या माणसांकडे, मोटारसायकलवरून निरोप नेणाऱ्यांकडे. म्हणून शत्रूचं पिस्तूल हाती लागणं म्हणजे शत्रूच्या अफसरापर्यंत पोचल्याची खूण. शिवाय ते लहान. रायफल घरी नेता येत नाही, पण पिस्तूल दोन बनियनच्या मध्ये बसतं.

मराठा पलटणी मुख्यतः ज्या तीन मुलखांत लढल्या त्या तिन्हींतलं पिस्तूल वेगळं, आणि त्यावरचे छाप वाचता आले तर पिस्तूल बरंच काही बोलतं.

१९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात इटालियन फौजेशी मोठी लढाई झाली. तिथल्या इटालियन अफसरांचं नेहमीचं हत्यार म्हणजे बेरेटा, १९३४ चं मॉडेल. तळहातात मावणारं, सात गोळ्यांचं, आखूड ९ मिलिमीटर काडतुसाचं. त्याच्या वरच्या सरकत्या भागावर डाव्या बाजूला ओळभर मजकूर कोरलेला असतो: कंपनीचं नाव, काडतुसाचं माप, मॉडेलचं साल, गार्दोने हे गाव आणि शेवटी दोन आकडे. उदाहरणार्थ, १९३८ आणि त्यापुढे रोमन लिपीत सोळा. हा सोळा मुसोलिनीच्या शकातला. १९२२ च्या ऑक्टोबरात त्याचे काळे डगलेवाले रोमवर चाल करून गेले, तेव्हापासून वर्षं मोजणारी नवी कालगणना इटलीत आली आणि ती बंदुकांच्या पोलादावरसुद्धा ठोकली गेली. मुठीजवळ रोमन आर आणि ई ही दोन अक्षरं दिसली तर ते राजाच्या लष्कराचं. ई च्या जागी एम असेल तर नौदलाचं. एवढ्या लहान जागेत राजाही आहे आणि हुकूमशहाही.

इटलीच्या मोहिमेत, १९४३ पासून, समोर जर्मन होते. तिथं ज्याला त्याला हवं असायचं ते ल्यूगर. १९०८ मध्ये जर्मन लष्करानं घेतलेलं, तिरक्या मुठीचं. गोळी सुटली की याच्या पाठीवरचा सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो. ज्या सैनिकानं ल्यूगर कधी पाहिलं नव्हतं त्यालाही नाव ठाऊक असे. खरं म्हणजे १९४२ च्या सुमारास जर्मनांनी ते बनवणं थांबवत आणलं होतं आणि त्याच्या जागी वॉल्थरचं पी-३८ आलं होतं, जे बनवायला सोपं आणि चिखलात जास्त भरवशाचं. तरी घरोघरच्या गोष्टींत सगळी पिस्तुलं ल्यूगरच निघतात. जर्मन छापांची गंमत अशी की कारखान्याचं नाव नसतंच. शत्रूच्या विमानांना कारखाना कळू नये म्हणून सांकेतिक अक्षरं: बी-वाय-एफ म्हणजे माउझर, ए-सी म्हणजे वॉल्थर. शेजारी सालाचे दोन आकडे आणि तपासनिसाच्या शिक्क्यातलं बारीक गरुड.

ब्रह्मदेशातलं जपानी पिस्तूल म्हणजे नांबू, आठ मिलिमीटरचं. त्याचं अधिकृत नाव ‘टाइप १४’, कारण ते ताइशो सम्राटाच्या कारकिर्दीच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे १९२५ मध्ये मंजूर झालं. पण त्यावर ठोकलेली तारीख बहुधा पुढच्या सम्राटाच्या शकातली असते. १९.५ असं लिहिलेलं दिसलं तर ते शोवा १९ चा पाचवा महिना, म्हणजे मे १९४४. त्यातच जपान्यांचं दुसरं पिस्तूल ‘टाइप ९४’ हे तिसऱ्याच कालगणनेवरून, साम्राज्याच्या २५९४ व्या वर्षावरून, म्हणजे आपल्या १९३४ वरून, नाव घेऊन बसलेलं. हे टाइप ९४ फार वाईट हत्यार आहे. त्याच्या डाव्या अंगाला एक पट्टी उघडी असते; पिस्तूल भरलेलं, चढवलेलं आणि खटका उघडा असेल तर चापाला बोट न लावता, नुसती ती पट्टी दाबली गेली तरी गोळी सुटते.

ब्रह्मदेश म्हटलं की कोल्हापूरकरांना जनरल थोरात आठवायला हवेत. वारणानगरपासून थोड्याच अंतरावरच्या वडगावचे शंकरराव थोरात १९४५ च्या जानेवारीत आराकानमधल्या कांगॉ इथं २/२ पंजाब पलटणीचे कमांडिंग अफसर होते. त्यांच्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर हिंदी अफसर होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. ‘मेलरोज’ असं नाव दिलेली टेकडी थोरातांच्या पलटणीनं अखेर घेतली, संगिनीला संगीन भिडवून. तिघांनाही ‘डीएसओ’ हा लष्करी सन्मान मिळाला. अशा टेकडीवर सकाळ झाली की सगळीकडे हत्यारं पसरलेली असतात, आणि तेव्हा ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

याचं उत्तर कायद्यात फार आधीपासून आहे. १९०७ च्या हेगच्या नियमांनुसार युद्धकैद्याची खाजगी चीजवस्तू त्याच्याचकडे राहते. अपवाद शस्त्रं, घोडे आणि लष्करी कागद यांचा. १९४९ च्या जिनिव्हा करारानंही तेच धोरण पुढे चालवलं. घड्याळ कैद्याचं, अंगठी कैद्याची, पिस्तूल मात्र जिंकणाऱ्या सरकारचं. जिंकणाऱ्या शिपायाचं नव्हे! शिपायानं ते खिशात घातलं तर त्यानं शत्रूचं नाही, आपल्याच सरकारचं काहीतरी उचललं असं होतं.

ही कलमं कोण किती मनावर घेतं हे मात्र देशादेशांवर होतं. अमेरिकन लष्करानं सरळ व्यवहार केला. वरिष्ठाच्या सहीचा एक कागद करायचा, वस्तूचं वर्णन आणि नंबर लिहायचा, की ती वस्तू शिपायाची. तो कागद बरोबर असलेल्या पिस्तुलाला आज तिकडच्या लिलावात कागद नसलेल्यापेक्षा जास्त किंमत येते. ब्रिटिश सरकार तेवढं सढळ नव्हतं, तरी त्यांच्याही घरांत इतकी पिस्तुलं शिरली की १९४६ मध्ये विनाचौकशी जमा करण्याची मुदत जाहीर करावी लागली. वरच्या पायरीवरचा हिशेब वेगळाच. जपानी अफसरांनी तलवारी समारंभानं हातात द्याव्यात हा आग्रह ब्रह्मदेशात चौदावी आर्मी लढवलेल्या जनरल स्लिमनं सोडला नाही, अमेरिकन जनरल मॅकआर्थरला तो प्रकार जुनाट वाटत असूनही. जनरल किमुराची तलवार स्लिमच्या घरी शेकोटीवरच्या फळीवर राहिली, आणि हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. जनरलची ती आठवण, शिपायाची ती चोरी.

आपल्या शिपायाचा प्रश्न याहून अवघड होता, आणि विहिरीत टाकण्याच्या घाईचं कारण इथंच आहे. त्याच्या घरी १८७८ चा शस्त्र कायदा वाट पाहत होता. लिटन व्हाइसरॉय असताना झालेल्या या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली, तर गोऱ्यांना मुळातच सूट होती. ज्या सरकारनं पंचवीस लाख हिंदी माणसांना भरती करून जगभर बंदुका दिल्या, त्याच सरकारला त्यातला एकजण बंदूक घेऊन गावी परतलेला नको होता.

त्यात वारणाकाठचं गाव असेल तर बोलायलाच नको. आज आपण वारणानगर म्हणतो ते गाव तेव्हा नव्हतंच. तात्यासाहेब कोरे यांनी पन्नाशीच्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याभोवती ते वाढलं. लढाईवरून परतलेला शिपाई यायचा तो कोडोलीला, जाखल्याला, मोहऱ्याला, म्हणजे कोल्हापूर संस्थानात. नदीपलीकडे वाळवा, शिराळा: इंग्रजी मुलूख, सातारा जिल्हा. सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्यांनी १७३१ च्या तहात वारणा ही सरहद्द ठरवली होती आणि दोनशे वर्षांनंतरही ती सरहद्द पोलिसांच्या कामाची होती. पलीकडच्या मुलखात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार, चाललं होतं. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेगाडी लुटली गेली, एप्रिल १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी गोळी लागून पकडले गेले आणि सप्टेंबर १९४४ मध्ये साताऱ्याच्या तुरुंगातून भिंत चढून निसटले. त्या चळवळीत माणसं भरपूर होती, हत्यारं मोजकी. एकेका पिस्तुलासाठी गोव्यापर्यंत खटपट चालायची.

पत्री सरकारच्या तरुणांना शिकवायला आझाद हिंद सेनेतून आलेले जवान होते, म्हणजे तेही याच महायुद्धातले सैनिक. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी शिराळ्याच्या बाजूला मणदूर-सोनवड्याच्या डोंगरात पोलिसांशी चकमक झाली आणि तिथं वाळव्याचे किसन अहिर आणि आझाद हिंदचे नानकसिंग मारले गेले. हुतात्मा किसन अहिर हे नाव आज वाळव्याच्या साखर कारखान्यावर आहे. तारीख नीट पाहा. त्याच महिन्यात, १८ तारखेला मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केलं होतं. आणि त्याच महिन्यांत पलटणींतून मोकळी झालेली पोरं बेळगावच्या सेंटरमध्ये सरकारी सामान जमा करून गावांकडे परतत होती. मुंबईच्या धक्क्यावर किंवा बेळगावात सामान उघडून पाहणाऱ्याला ट्रंकेतलं बेरेटा ही केरेनची आठवण वाटणार नव्हती. त्याला त्यात सोनवडे दिसणार होतं.

अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या पोरानं पिस्तूल दिवाणखान्यात काचेत लावलं, आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोरानं ते कणगीत पुरलं. दोघांनी केलेली लढाई एकच होती. म्हणून आपल्याकडे पिस्तुलाबरोबर कागद येत नाही. कागद करणं म्हणजेच कबुली देणं. आणि कागद नाही, तर हकिगतीला आधार नाही; ती पिढीगणिक वाढते, बेरेटाचं ल्यूगर होतं आणि साध्या कैद्याचा कर्नल.

आता समजा, आजच्या वारणानगरात जुनं घर पाडताना अशी एखादी वस्तू खरंच निघाली. पहिली गोष्ट, तिला खेळवू नये. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, ही समजूत जीव घेणारी आहे. एक गोळी नळीच्या मागे घरात राहिलेली असू शकते. ऐंशी वर्षांच्या गंजानं खटका धरेल की नाही सांगता येत नाही, आणि टाइप ९४ ची गोष्ट वर आलीच आहे. साफ करायला बसू नये, पुतण्याला फोटो काढायला देऊ नये, पिशवीत घालून मोटारसायकलवरून नेऊ तर मुळीच नये. जागेवर ठेवून पोलीस ठाण्याला कळवावं. वारणानगरला ते कोडोलीचं. आधी वकिलाशी बोलून लेखी अर्ज दिला तर बरं.

कारण कायदा कडक आहे. १८७८ चा कायदा गेला, १९५९ चा आला. त्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा गुन्हा, आणि ‘आजोबांची आहे’ हा परवाना नव्हे. त्यातून लष्करी मापाची हत्यारं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. ९ मिलिमीटरचं ल्यूगर किंवा पी-३८, आपल्याच फौजेचं ०.३८ किंवा ०.४५५ रिव्हॉल्वर, हे सगळं त्यात येतं आणि त्याचा परवाना कलेक्टर कचेरीतून मिळत नाही. तो अधिकार केंद्र सरकारचा, आणि तेही सहसा देत नाही. ०.३२ बोअरला, म्हणजे ७.६५ मिलिमीटरला, साधा परवाना चालतो. म्हणून तर आपले बागायतदार आणि पुढारी कमरेला ०.३२ लावून फिरतात आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार विनापरवाना बाळगल्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. कलम ४५ मध्ये एक सूट आहे, पण ती जुन्या घाटाच्या किंवा मोडलेल्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही वापरता येणार नाही. ठासणीची बंदूक भिंतीवर टांगणाऱ्यानं या कलमाचा विचार करावा. १९४२ चं माउझर कारखान्याचं पिस्तूल त्यात बसवायला जाऊ नये.

अशा वस्तूंना पाहण्यासारखी जागा आहे, पण ती घर नव्हे. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन उभे आहेत, जपानी रणगाडेही आहेत, आणि प्रत्येकाला नोंद आहे. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं स्वतःचं संग्रहालय आहे. सरकारजमा झालेलं पिस्तूल हमखास तिथं पोचेल असं मात्र समजू नये. जप्त हत्यारांचं शेवटी काय होतं ते पोलिसांच्या मालखान्यात डोकावलेल्या कोणालाही विचारावं.

पिस्तूल नसलं तरी ट्रंक असते, आणि माझ्या मते खरा ऐवज तिच्यातले कागद आणि मेडलं. ती नातवंडांनी वाचायला शिकली पाहिजेत. महायुद्धाची मोहिमेची मेडलं सहा टोकांची ताऱ्यासारखी असतात आणि दिसायला जवळपास सारखी. फरक मधल्या अक्षरांत आणि फितीत. आफ्रिका स्टारची फीत फिकट वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा. इटली स्टारची लाल, पांढरी, हिरवी. बर्मा स्टारची गर्द निळी, मध्ये लाल, दोन्हीकडे नारिंगी रेघ. यावरून घरातली गोष्ट तपासून पाहता येते. आफ्रिका स्टार आणि बेरेटा ही जोडी जुळते, इटली स्टार आणि ल्यूगर जुळते. नुसता बर्मा स्टार असेल आणि आजोबांनी जर्मन कर्नलला पकडलं होतं म्हणत असाल, तर डिस्चार्ज बुक पुन्हा उघडा.

पण इथंही गडबडीनं निकाल देऊ नये. समजा, ट्रंकेत इटली स्टार आहे आणि गोष्ट जपानी नांबूची आहे. कोणीही म्हणेल, थाप. तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीवर केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांची पलटण, १/५ मराठा, युद्ध संपल्यावर ब्रिगेडियर थिमय्यांच्या ब्रिगेडमधून जपानात गेली, ताब्यात घेतलेल्या मुलखाच्या बंदोबस्ताला. तिथं तेव्हा जपानी लष्कराची हत्यारं गोळा करण्याचं काम चालू होतं. डिस्चार्ज बुकावर १/५ असेल, तर म्हातारा खरं सांगत असेल.